ट्रेनरचे वॉट, पेडलचे वॉट आणि मधली चेन

सत्तर किलोचा एक सायकलस्वार घ्या. त्याचा खरा एफटीपी (साधारण तासभर टिकवता येईल एवढी ताकद) 220 वॉट, म्हणजे किलोमागे 3.14. त्याचा ट्रेनर, म्हणजे घरात सायकल जागेवर चालवायचं यंत्र, 3 टक्के चढा बोलत असेल तर पडद्यावर 227 वॉट दिसतील, किलोमागे 3.24. झ्विफ्ट या ऑनलाइन सायकल शर्यतींच्या ॲपवर बरीच वर्षं चाललेल्या जुन्या वर्गवारीत सी गट 3.2 ला संपायचा आणि बी सुरू व्हायचा. म्हणजे काही न करता गडी बी गटात जाऊन पडला. आता 2024 पासून बऱ्याच शर्यतींना 0 ते 1000 असा रेसिंग स्कोर लागतो, पण त्याची सुरुवातही तुमच्या वॉटवरूनच होते. काटा चुकला की सगळंच चुकलं.

घरातल्या सरावासाठी हा प्रश्न जवळजवळ निकालात निघतो. तुमचा ट्रेनर रोज सारखाच 3 टक्के जास्त दाखवत असेल, तर दाखवू दे. एफटीपी त्याच्यावरच काढलाय, सराव त्याच्यावरच चाललाय, प्रगती बरोबर कळेल. भानगड शर्यतीत होते, कारण तिथे तुमचा आकडा दुसऱ्याच्या आकड्याशेजारी उभा राहतो. आणि एक स्पष्ट सांगायला हवं: शर्यत संपल्यावर चॅटमध्ये ‘त्याचे वॉट खोटे’ म्हणून ओरडणाऱ्यांपैकी बहुतेकांनी स्वतःचा पॉवर मीटर (सायकलवरचं वॉट मोजणारं यंत्र) महिनोन्‌महिने झीरोसुद्धा केलेला नसतो.

आधी वॉट मोजतात कुठे ते बघू. ताकद म्हणजे टॉर्क (फिरवण्याचा जोर) गुणिले फिरण्याचा वेग. पेडल, क्रँक (पेडलचा दांडा) किंवा स्पायडरमध्ये (दांडा आणि दातेरी चक्र जोडणारा भाग) स्ट्रेन गेज असतो. धातू किती वाकला ते तो सांगतो, त्यावरून टॉर्क कळतो आणि केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे किती फेरे, जोडला की वॉट निघतात. ट्रेनर हेच काम चेनच्या दुसऱ्या टोकाला करतो. मधल्या चेनमध्ये, दातांमध्ये, बेअरिंगमध्ये 2 ते 4 टक्के ताकद खर्ची पडते. त्यामुळे पेडलवर 250 दिसत असतील तेव्हा ट्रेनरवर 240–245 दिसणं हे निरोगीपणाचं लक्षण आहे. दोन्ही आकडे तंतोतंत जुळले म्हणून खूश होऊ नका. त्यातला एक थोडा खोटं बोलतोय. आणि ट्रेनर पेडलपेक्षा वर दाखवत असेल, तर नक्की काहीतरी बिघडलंय.

कंपन्यांनी दिलेले अचूकतेचे आकडे साधारण असे: टॅक्स निओ 2टी ±1 टक्का, वाहू किकरच्या अलीकडच्या आवृत्त्या ±1, किकर कोर ±2, असिओमा पेडल ±1. मागचं चाक रोलरवर टेकवणाऱ्या ट्रेनरमध्ये हा आकडा 3 ते 5 पर्यंत जातो, आणि तोही टायरची हवा नि रोलरचा दाब जिथल्या तिथे असेल तर. ±2 म्हणजे 250 वॉटला 5 खाली किंवा 5 वर. दोन प्रामाणिक माणसांमध्ये 10 वॉटचा फरक केवळ यंत्रांमुळे पडू शकतो. याला फसवणूक म्हणत नाहीत.

पण यंत्राच्या चुकीपेक्षा सेटिंगच्या चुका कितीतरी मोठ्या असतात. पेडल मीटरला क्रँकची लांबी सांगावी लागते, कारण तो मोजतो जोर आणि टॉर्क काढतो लांबीने गुणून. सायकलवर 165 मिलिमीटरचा क्रँक आहे आणि ॲपमध्ये 172.5 तसंच राहिलं, तर वॉट सरळ साडेचार टक्के जास्त. रोलरवाले सोडले तर कुठलाही ट्रेनर एवढा बिघडत नाही. दुसरं, फक्त डावीकडचा मीटर. तो डाव्या पायाचे वॉट दुप्पट करून सांगतो. तुमचा डावा-उजवा वाटा 48–52 असेल तर 4 टक्के कमी दिसणार, आणि दमल्यावर हा वाटा बदलला की चूकही बदलणार. तिसरं, अंडाकृती चेनरिंग (पेडलपाशी चेन ओढणारं दातेरी चक्र). एका फेऱ्यात केडन्स एकसारखा आहे असं धरून चालणारे मीटर त्यावर काही टक्के जास्त दाखवतात; फेऱ्याच्या आतला वेग सतत मोजणाऱ्या मीटरना ही अडचण येत नाही.

आणि वजन. वॉट कितीही अचूक असू देत, 75 किलोच्या माणसाने प्रोफाइलमध्ये 70 लिहिलं तर 250 वॉटला 3.33 चे 3.57 होतात. उंचीही खरीच लिहा. झ्विफ्ट तिच्यावरून हवेचा अवरोध ठरवतो. वजन सकाळी, शौचानंतर, पाणी पिण्याआधी, त्याच काट्यावर. दिवाळीच्या फराळानंतर बदललेला आकडा प्रोफाइलमध्येही बदलायचा असतो, एवढंच म्हणतो.

झीरो करण्याची पद्धत. पेडल किंवा क्रँक मीटर असेल तर आधी 10 मिनिटं चालवा, म्हणजे धातू खोलीच्या तापमानाला येतो. मग पाय पेडलवरून पूर्ण काढा. क्लीट (बुटाची पेडलमध्ये अडकणारी पट्टी) अडकवून ठेवून झीरो केलं की पायाचं वजन शून्य म्हणून नोंदलं जातं आणि पुढचा तासभर सगळे आकडे वाकडे. पेडल नव्याने बसवले असतील तर दोन-चार जोरदार स्प्रिंट मारा, आटे नीट बसू द्या, आणि परत झीरो करा. एसी लावायचा असेल तर तो झीरोच्या आधी लावा, नंतर नाही.

ट्रेनरचा स्पिनडाऊन, म्हणजे त्याला जुळवून घेण्याची पद्धत, वेगळा. तो बेल्ट आणि बेअरिंगचं घर्षण मोजतो, म्हणून गार ट्रेनरवर करून काही उपयोग नाही. 10 ते 15 मिनिटं चालवून, ॲप सांगेल त्या वेगापर्यंत नेऊन पाय सोडून द्यायचे, चाक आपोआप थांबू द्यायचं. निओमध्ये बेल्टच नसल्याने त्याला हे लागत नाही. नवे किकर स्वतःच करून घेतात. रोलरवाल्या ट्रेनरला मात्र प्रत्येक वेळी लागतं, कारण टायर तापला की त्याचा अवरोध कमी होतो. टायरची हवा दर वेळी पंपाच्या काट्यावर मोजून भरा, अंगठ्याने दाबून नाही.

आता खरी परीक्षा: एकाच वेळी दोन नोंदी. झ्विफ्टला ट्रेनर जोडा, पेडल किंवा क्रँक मीटर हँडलवरच्या सायकल कॉम्प्युटरला. कॉम्प्युटरचं ऑटो-पॉज बंद करा आणि सरासरीत शून्य धरायची का, हे दोन्हीकडे सारखं ठेवा. वॉर्मअप, झीरो, स्पिनडाऊन, आणि मग अर्ग मोडमध्ये (यात ट्रेनर स्वतःच ठरवलेले वॉट धरून ठेवतो) 100, 150, 200, 250 वॉटला प्रत्येकी 4 मिनिटं. अर्ग बंद करून 10 सेकंदांचे दोन स्प्रिंट. मग पुढचं चेनरिंग बदलून 200 ला पुन्हा 4 मिनिटं. शेवटी, सुरुवातीपासून पाऊण तास झाला की आणखी एकदा 200. दोन्ही फिट फाइल (राइडच्या नोंदीची फाइल) झ्विफ्टपॉवर या निकालांच्या संकेतस्थळाच्या किंवा दुसऱ्या कुठल्या तुलनेच्या पानावर चढवा आणि वेळ सेकंदाला जुळवून घ्या.

सरासरीकडे सगळ्यात शेवटी बघा. आधी प्रत्येक पायरीवरचा फरक टक्क्यांत काढा. सगळीकडे 2–3 टक्के खाली असेल तर ती चेन आहे, सोडून द्या. 100 ला 8 टक्के आणि 250 ला 3 टक्के असेल तर शून्य सरकलंय, कारण ठरावीक वॉटची चूक लहान आकड्यावर मोठी दिसते. सुरुवातीला जुळत होतं आणि पाऊण तासानंतर 200 ला 10 वॉटचा फरक पडला, तर तापमानाचा प्रश्न. चेनरिंग बदलल्यावर उडी दिसली, तर फ्लायव्हीलच्या (ट्रेनरमधल्या जड चाकाच्या) वेगानुसार ट्रेनर वेगळं बोलतोय. मग ज्या गियरवर शर्यत करता त्याच गियरचा निकाल खरा माना. स्प्रिंटमध्ये ट्रेनर एक-दोन सेकंद उशिरा आणि थोडा कमी दाखवतो, ते स्वाभाविक. आणि ट्रेनरची रेघ अर्गमध्ये फूटपट्टीने काढल्यासारखी सरळ दिसत असेल, तर ती अचूकता नाही. ॲपमध्ये अर्ग स्मूदिंग, म्हणजे आकड्यांचे चढउतार लपवणारं सेटिंग, चालू आहे, इतकंच. ते बंद करा. माणूस कधीच इतकं सरळ चालवत नाही.

दोन्हींपैकी खोटा कोण हे ठरत नसेल, तर ज्या मीटरच्या ॲपमध्ये टॉर्क दिसतो त्याला वजन टांगा. काट्यावर मोजलेलं 20 किलोचं वजन, क्रँक 172.5 मिलिमीटरचा आणि जमिनीला समांतर, मागचं चाक घट्ट अडवलेलं. उत्तर 33.8 न्यूटन-मीटर यायला हवं. 34.8 आलं तर मीटर 3 टक्के जास्त दाखवतोय. क्रँक थोडा जरी वर-खाली झुकला तरी आकडा घसरतो, म्हणून लेव्हल लावून बघा.

चूक कुठे किती महाग पडते हेही ध्यानात घ्यावं. सपाटीवर वेग ताकदीच्या घनमुळाने वाढतो, त्यामुळे 3 टक्के जास्त वॉटने वेग जेमतेम 1 टक्का वाढतो. त्यात घोळक्यात असाल तर पुढच्याच्या आडोशाने पाव हिस्सा ताकद तशीही वाचते. आल्प दु झ्विफ्ट या झ्विफ्टमधल्या चढावर मात्र 12.2 किलोमीटरमध्ये 1,036 मीटर चढायचं असतं. तिथे 3 टक्के वॉट म्हणजे जवळजवळ 3 टक्के वेग, तासभराच्या चढाईत दीड-पावणेदोन मिनिटं. म्हणून सपाट शर्यतीतल्या विजेत्याच्या मीटरवर शंका घेण्याआधी त्याने शेवटचे 300 मीटर कुणाच्या मागे बसून काढले ते बघा. ॲपमधली ट्रेनर डिफिकल्टी (ट्रेनरवर चढ किती जाणवावा याचं सेटिंग) कमी ठेवली म्हणून कुणाला फुकटचे वॉट मिळत नाहीत, हेही लगे हात सांगून टाकतो. त्याने पायाला जाणवणारा चढ बदलतो. त्याच वेगासाठी लागणारे वॉट तेवढेच राहतात.

वरच्या पातळीवर हे सगळं नियमांतच बसवलेलं असतं. यूसीआयची (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची) पहिली ई-स्पोर्ट्स जागतिक स्पर्धा 9 डिसेंबर 2020 ला झ्विफ्टवर झाली. जर्मनीचा जेसन ऑसबोर्न आणि दक्षिण आफ्रिकेची ॲशली मूलमन-पासिओ जिंकले. तिथे ट्रेनर सगळ्यांना सारखाच दिला जातो, दुसऱ्या मीटरची नोंद लागते, वजन तपासलं जातं. 2024 ची स्पर्धा मायवूश या दुसऱ्या ॲपवर गेली, अंतिम फेरी अबू धाबीत सगळ्यांना एका छताखाली आणून झाली, आणि पुरुषांत पुन्हा ऑसबोर्नच. घरोघरच्या यंत्रांवर शंका घेणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

झ्विफ्टवरच्या ग्रुप राइडमध्ये, म्हणजे सगळ्यांनी मिळून मारायच्या फेरीत, एवढा काटेकोरपणा नको. तिथे वेग किलोमागे वॉटमध्ये जाहीर केलेला असतो. पिवळ्या खुणेचा म्होरक्या पुढे आणि लाल खुणेचा स्वीप (मागे पडलेल्यांना सांभाळणारा) मागे. पण जाहीर आकडा म्होरक्याचा असतो. तो 55 किलोचा असेल तर त्याचे 2.5 म्हणजे 138 वॉटच, आणि सपाटीवर 80 किलोचा माणूस 2 ला चालवूनही त्याच्या पुढे निघून जातो. म्होरक्याच्या पुढे अदृश्य कुंपण लावलेलं असेल तर तिथेच बाद. भारतातून खेळताना वेळेचंही गणित आहे: युरोपची संध्याकाळ, म्हणजे सर्वांत गर्दीच्या शर्यती, आपल्याकडे रात्री साडेदहानंतर पडतात. पहाटे सहाला अमेरिकेची रात्र सापडते, तीच बरी.

मुंबई-कोकणातल्यांसाठी एक वेगळी गोष्ट. जुलैत बंद खोलीत घाम वाळत नाही, शरीर तापतं आणि विसाव्या मिनिटाला वॉट खाली येतात. तेव्हा दोष मीटरला देऊ नका. हृदयाचे ठोके चढत असताना वॉट घसरत असतील तर मीटर बहुधा खरंच बोलतोय. स्टँडचा मोठा पंखा छातीवर, दुसरा पाठीमागून, आणि पेडलच्या बॅटरीचं झाकण राइड संपल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचं. घामाच्या मिठाने तिथले संपर्क गंजतात आणि मग सिग्नल तुटतो. सिग्नल तुटण्याची बाकीची कारणं साधी आहेत: ट्रेनर ब्लूटूथवर आधीच फोनच्या ॲपला चिकटलेला असतो, किंवा ॲन्ट प्लसचा (ब्लूटूथसारख्याच दुसऱ्या बिनतारी जोडणीचा) डोंगल लॅपटॉपच्या मागे वायफायच्या शेजारी असतो. यूएसबीची लांब वायर घेऊन डोंगल ट्रेनरपाशी ठेवा.

आणि पावसाळ्यात वीज जाते. बहुतेक ट्रेनर वीज गेली की गप्प होतात; निओ पेडलच्या जोरावर स्वतःपुरती वीज करून चालू राहतो. शर्यतीच्या दिवशी पॉवर सोर्स म्हणून पेडल मीटर जोडलेला असेल तर ब्रेक सुटेल पण वॉट जात राहतील. लॅपटॉप बॅटरीवर चालेल. राउटर मात्र छोट्या यूपीएसवर हवा, नाहीतर नेट तुटल्याबरोबर आजूबाजूचे सगळे सायकलस्वार गायब होतात आणि तुम्ही रिकाम्या रस्त्यावर एकटेच शर्यत पुरी करता.