मूठ सोडायलाही ताकद लागते

मूठ आवळायला ताकद लागते हे कोणीही सांगेल. सोडायला लागते का?

नववीच्या वर्गात शास्त्राच्या बाईंनी हा प्रश्न फळ्यावर लिहिला आणि तास संपल्याची घंटा झाली. बाईंनी फळा पुसू दिला नाही. पुढचा तास भूगोलाचा होता, सरांनी उरलेल्या अर्ध्या फळ्यावर मोसमी वारे काढले आणि आम्ही बाकाखाली मुठी मिटत-उघडत बसलो. आता मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्याआधीची काही वर्षं हृदयाच्या पेशींवर संशोधन करण्यात गेली. त्या सगळ्या कामाचं मूळ शोधायचं झालं तर ते त्या अर्ध्या फळ्यावर सापडतं. शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेत मला त्या प्रश्नाबद्दलच, आणि ज्याच्यात त्याचं उत्तर दडलंय त्या कॅल्शिअमबद्दल, लिहायचं आहे.

माझी तुकडी १९८९ची. शाळेत कॅल्शिअम म्हटलं की हाडं, दात आणि दूध. ते बरोबरच आहे, शरीरातलं ९९ टक्के कॅल्शिअम हाडांत आणि दातांतच असतं. पण बाईंनी आम्हाला उरलेल्या एका टक्क्याकडे बघायला शिकवलं. पेशीभोवतीच्या द्रवात जितकं मोकळं कॅल्शिअम असतं, त्याच्या जेमतेम दहा हजारावा हिस्सा विसावलेल्या पेशीच्या आत असतो. बाई बेलापूर पट्टीतल्या, खारभूमीच्या गावात वाढलेल्या. त्यांनी आम्हाला बांध समजावून सांगितला: एका बाजूला भरतीची खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती, मध्ये उघाडी. उघाडीचं दार क्षणभर जरी उघडं राहिलं तरी खारं पाणी आत घुसतं, त्याला ढकलावं लागत नाही. पेशीच्या पडद्यातल्या आयनमार्गिका म्हणजे अशा उघाड्या. त्या उघडायला फार काही लागत नाही. सगळी मेहनत आत घुसलेलं पुन्हा बाहेर काढायची.

इतकी मेहनत घेऊन पेशी कॅल्शिअमला दूर का ठेवते? पेशीचा ऊर्जेचा सगळा व्यवहार फॉस्फेटवर चालतो, आणि कॅल्शिअम नि फॉस्फेट जास्त प्रमाणात एकत्र आले की त्यांचा साका बसतो. म्हणून त्याला बाहेर ठेवणं भागच आहे. आणि आत इतकं कमी असल्यामुळेच थोडंसं आत आलं तरी पेशीला ते लगेच जाणवतं. नुसत्या बचावातून निरोपाची सोय झाली, हे मला आजही विलक्षण वाटतं.

सिडनी रिंगरची गोष्टही बाईंकडूनच ऐकली. लंडनचा हा डॉक्टर बेडकाचं हृदय शरीराबाहेर, मिठाच्या पाण्यात, चालू ठेवायचे प्रयोग करत होता. १८८२ मध्ये त्याने निष्कर्ष छापलेही. नंतर ध्यानात आलं की द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात नव्हे, साध्या नळाच्या पाण्यात केलेलं होतं. शुद्ध पाणी वापरल्यावर हृदय मंदावत जाऊन थांबलं. त्या पाण्यातला चुना, म्हणजे कॅल्शिअम, घातल्यावर पुन्हा चालू झालं. १८८३ मध्ये त्याने हे सगळं उघडपणे लिहून छापलं. लंडनच्या पाण्यात चुना भरपूर. आपलं ठाण्याचं पाणी सह्याद्रीच्या काळ्या दगडावरून वाहणारं, धरणात साठवलेलं पावसाचं, त्या मानाने मऊ. हा प्रयोग आपल्याकडच्या नळाच्या पाण्यात झाला असता तर काय दिसलं असतं, असं बाईंनी विचारलं होतं. आज दवाखान्यात ‘आर.एल.’ म्हणून जी सलाइनची बाटली लावतात त्यातला ‘आर’ हाच, आणि तिच्यात आजही कॅल्शिअम असतं.

आता मुठीकडे येते. मेंदूकडून निघालेला संदेश चेतातंतूवरून हाताच्या स्नायूपर्यंत पोहोचतो आणि स्नायूपेशीच्या पडद्यावर विजेची एक लाट धावते. पडद्याच्या बारीक नळ्या पेशीत खोलवर गेलेल्या असतात, त्यांतून ती लाट आत उतरते. तिथे कॅल्शिअमचा साठा भरलेल्या पिशव्या नळ्यांना अगदी खेटून असतात. नळीवरचं एक प्रथिन विजेतला बदल ओळखतं आणि पिशवीवरच्या रायनोडीन ग्राही नावाच्या मार्गिकेला जवळजवळ हाताने ओढल्यासारखं उघडतं. (रायनोडीन हे दक्षिण अमेरिकेतल्या एका झाडातलं विष. कीटकनाशक म्हणून वापरात होतं, आणि त्याच्याच मदतीने ही मार्गिका हाती लागली.) कॅल्शिअम बाहेर सांडतं आणि ट्रोपोनिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. जपानच्या सेत्सुरो एबाशींनी १९६०च्या दशकात या प्रथिनाचा छडा लावला. कॅल्शिअम चिकटताच अॅक्टिनच्या धाग्यावरची आडकाठी सरकते, शेजारच्या मायोसिन या प्रथिनाची डोकी त्या धाग्याला धरून ओढतात, आणि मूठ आवळली जाते. हृदयात थोडा फरक आहे. तिथे आधी बाहेरून थोडं कॅल्शिअम आत यावं लागतं, तेव्हाच आतला साठा उघडतो. म्हणूनच रिंगरचं हृदय बंद पडलं. हाताचा स्नायू त्या पाण्यात बराच वेळ तगला असता.

आणि सोडताना? कॅल्शिअमचा प्रत्येक कण पंपाने परत पिशवीत भरावा लागतो. दोन कणांमागे एटीपीचा, म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचा, एक रेणू खर्ची पडतो. धाग्याला धरलेलं मायोसिनचं डोकंही नवा एटीपी मिळाल्याशिवाय सुटत नाही. मृत्यूनंतर काही तासांनी शरीर ताठतं ते याचमुळे: ताकद संपलेली असते, म्हणून पकड सुटत नाही. हे उत्तर बाईंनी दुसऱ्या दिवशी दिलं तेव्हा वर्ग गप्प झाला होता. मग त्यांनी आदल्या आठवड्यातली खो-खोची मॅच काढली. आमची एक मैत्रीण पाठलाग करता करता पोटरीत गोळा येऊन मैदानातच बसली होती, आणि पी.टी.च्या सरांनी तिचं पाऊल वर दाबून धरलं होतं. असा गोळा बहुतेक वेळा स्नायूच्या दोषाने येत नाही. थकव्यात चेतातंतू थांबायचं नाव घेत नाहीत, हुकूम सुटत राहतात, कॅल्शिअम सांडत राहतं, आणि पंपाला उसंत मिळत नाही. पोटरी ताणली की तो हुकूम आवरतो. सरांना हे अनुभवाने ठाऊक होतं, बाईंनी त्याचं कारण सांगितलं.

संशोधन करताना ज्या गोष्टीने मला सगळ्यात जास्त शिकवलं ती म्हणजे उंदराच्या हृदयातून जिवंत पेशी सुट्या करणं. हृदय एका काचेच्या नळीला टांगून त्याच्या रक्तवाहिन्यांतून कोमट द्रावण सोडतात. आधी कॅल्शिअमविरहित, म्हणजे पेशींमधले जोड सैल होतात. मग पेशींना धरून ठेवणारं कोलॅजेन विरघळवणारं विकर. हृदय हळूहळू फिकट, लिबलिबीत होतं. खरी कसोटी त्यानंतरची, कारण पेशींना कॅल्शिअम परत द्यायचं असतं. एकदम दिलंत तर ते आत लोटतं, पेशी आखडतात आणि गोल होऊन मरतात. म्हणून थेंबाथेंबाने, मध्ये थांबत, पायरीपायरीने द्यावं लागतं. सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी विटेसारखी लांबट दिसते, अंगावर सारख्या अंतराचे आडवे पट्टे असतात. मेलेली गोळ्यासारखी. एका नजरेत कळतं की आजचा दिवस जमला की नाही.

अशा पेशीत कॅल्शिअम भेटलं की चमकणारा रंग भरून अंधाऱ्या खोलीत बसलं, की विसावलेल्या पेशीतही अधूनमधून इथे एक, तिथे एक ठिणगी दिसते. सेकंदाच्या काही शतांशांत विझते. मोजक्या मार्गिका आपोआप उघडून मिटल्याची ती खूण. शास्त्रज्ञांनी या ठिणग्या पहिल्यांदा १९९३ मध्ये टिपल्या. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे अशा हजारो ठिणग्या एकाच क्षणी पेटणं. ते दृश्य पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही.

मग तंतुकणिका. पुस्तकातलं ‘पेशीचं ऊर्जाकेंद्र’ हे वाक्य आपण सगळ्यांनी पाठ केलंय. हृदयाच्या पेशीचा साधारण एक तृतीयांश भाग त्यांनीच व्यापलेला असतो, आणि त्या कॅल्शिअमच्या पिशव्यांना लागूनच असतात. त्यामुळे स्नायूला ‘आवळ’ सांगणारं कॅल्शिअम थोडं त्यांच्यातही शिरतं आणि आतल्या विकरांना जाग आणतं: काम वाढलंय, एटीपी वाढवा. खर्च आणि कमाई, दोन्हींचा निरोप एकच. तंतुकणिका कॅल्शिअम ओढून घेतात हे १९६०च्या दशकाच्या सुरुवातीलाच कळलं होतं, पण ते आत नेणारी मार्गिका नेमकी कुठलं प्रथिन, हे सापडायला २०११ साल उजाडलं. इटलीतल्या पादुआचा एक गट आणि अमेरिकेत हार्वर्डला वंशी मूथा यांचा एक, दोघांनी एकाच वेळी ते जाहीर केलं. मूथांच्या गटाची युक्ती मला फार आवडते. यीस्टच्या तंतुकणिका असं कॅल्शिअम घेत नाहीत, माणसाच्या घेतात, आणि निद्रारोगाचे परजीवी ज्या कुळातले त्यांच्याही घेतात. मग माणसात आणि परजीवीत आहे पण यीस्टमध्ये नाही, असं प्रथिन शोधा. त्या वाटेने आधी मार्गिकेचा राखणदार सापडला आणि त्याच्या मागोमाग मार्गिका. पुढे ही मार्गिका नसलेले उंदीरही तयार केले गेले. त्यांचं रोजचं बरं चालतं. कस लागला की मात्र त्यांचे स्नायू कमी पडतात.

ही बातमी बाईंना सांगायची मला फार घाई झाली होती. त्या निवृत्त झाल्या होत्या, संध्याकाळी तलावपाळीवर फिरायला यायच्या. मासुंदा तलावाच्या कठड्याशी उभं राहून मी सगळं सांगितलं. बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “अगं, आत घेतलेलं बाहेर कसं टाकते ते सांग.”

नेमका प्रश्न होता. आत साचत गेलेलं कॅल्शिअम प्रमाणाबाहेर वाढलं तर तंतुकणिकेचा पडदाच फुटतो आणि पेशी मरते. हृदयविकाराच्या झटक्यानंतर अडलेला रक्तपुरवठा पुन्हा सुरू होतो, तेव्हा काही पेशी याच कारणाने जातात. बाहेर टाकायचं काम सोडिअमच्या बदल्यात होतं. इस्रायलमधल्या एका गटाने २०१० मध्ये त्यासाठीच्या एका प्रथिनाकडे बोट दाखवलं, आणि त्यात आणखी कोण सामील आहे यावर अजून काम चालू आहे. मी हे सांगितल्यावर बाई म्हणाल्या, “म्हणजे तुला अजून बरंच काम आहे.”

आमच्या तुकडीतले सगळे आता पन्नाशी ओलांडलेले. गटावर एकमेकांचे रिपोर्ट येतात, आणि इकोवर ‘डायस्टोलिक डिसफंक्शन’ लिहिलेलं पाहून कोणीतरी घाबरून फोन करतं. त्यांना मी हेच समजावते: हृदय आवळतंय व्यवस्थित, सैल व्हायला वेळ लावतंय. त्याची कारणं अनेक, पण एक म्हणजे तो कॅल्शिअमचा पंप मंदावणं. रक्तदाब ताब्यात ठेवा, चाला, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका. आपल्यापैकी कितीतरी जण रोज जी अॅम्लोडिपिनची गोळी घेतात, ती रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतल्या कॅल्शिअमच्या मार्गिकाच अडवते. वाहिन्या सैल होतात आणि दाब उतरतो.

त्या ठिणग्यांच्या चित्रफिती माझ्याकडे आहेत. सध्याच्या नववीच्या मुलांना त्या दाखवायला मी कुठल्याही शनिवारी शाळेत यायला तयार आहे. प्रयोगशाळेत अंधार करता येईल एवढे पडदे लागतील. ते मी घेऊन येईन.