दिंडोरीची बारकी द्राक्षं

रामशेज किल्ला मागे पडला की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बागा सुरू होतात. फेब्रुवारीतली सकाळ होती. सात वाजले तरी अंगातला स्वेटर काढवत नव्हता, आणि बाराला त्याच स्वेटरचं ओझं झालं. दिंडोरीच्या वाइनच्या द्राक्षाला हेच मानवतं. नकाशात पाहिलं तर हा भाग 20 अंश उत्तरेला, म्हणजे युरोपातल्या वाइनच्या गावांपेक्षा कितीतरी खाली. पण समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची आणि हिवाळ्यातल्या गार रात्री यांनी इथं निभावून नेलंय.

मित्राच्या काकांची बाग उतारावर आहे. पायाखाली मुरमाड, तांबूस माती, पाणी ठरत नाही. "निफाडची काळी जमीन पाहिली की हेवा वाटायचा," काका म्हणाले, "पण या द्राक्षाला जास्त लाड चालत नाहीत."

शेजारच्या प्लॉटमध्ये मांडवावर थॉमसनचे, म्हणजे खायच्या द्राक्षाचे, घड लोंबत होते, मणी लांबट आणि टपोरे. विरळणी करायची, घड जीएच्या (मणी वाढवणाऱ्या संजीवकाच्या) द्रावणात बुडवायचे, मणी फुगवायचा, यात काकांची हयात गेली. वाइनच्या शिराझ या काळ्या द्राक्षाला यातलं काही नको. कुंपणासारख्या उभ्या तारांवर वेली, घड मुठीएवढे, मणी करवंदाएवढे. रंग आणि तुरटपणा सालीत असतो. मणी लहान, तर रसाच्या मानानं साल जास्त.

काकांनी एक मणी माझ्या हातावर ठेवला. "चावा, बी थुंकू नका." साल जाड, जीभ आवळून आली. बी मात्र भाजल्या शेंगदाण्यासारखी कुरकुरली. बी हिरवी असली तर घड अजून कच्चा, मग ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, काहीही दाखवो. खायचं द्राक्ष 18 ब्रिक्सच्या आसपास निघतं, हे मात्र 22-24 पर्यंत वेलीवर राहतं. तेवढे जादा दिवस अवकाळीच्या भीतीत काढायचे. शेनिन ब्लां या पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाची तोडणी उरकली होती, तीही भल्या पहाटे, माल गार असतानाच.

युरोपात वेल हिवाळ्यात झोपते. इथं ती झोपतच नाही, म्हणून छाटण्या दोन: एप्रिलात नव्या काड्यांसाठी खरड, ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी. मजुरीही दोनदा.

काका माळकरी. आपल्या द्राक्षाच्या वाइनचा थेंबही त्यांनी चाखलेला नाही. निघताना गाडीत एक पेटी ठेवली. अर्थातच थॉमसनची.