सरांना काय द्यायचं?

दुपारी कपाटाचा वरचा खण आवरायला घेतला आणि शालींचा गठ्ठा अंगावर आला. सगळ्या प्लास्टिकच्या पिशव्यांत, घडी न मोडलेल्या. मरून, मरून, एक मोरपिशी, पुन्हा मरून. अण्णा मराठीचे शिक्षक. निवृत्त झाल्यावर कुठे अध्यक्ष, कुठे परीक्षक, कुठे नुसतेच ‘व्यासपीठावरील मान्यवर’ म्हणून त्यांना बोलावणी यायची आणि प्रत्येक बोलावण्यामागे एक शाल घरी यायची. बरोबरच्या नारळांच्या आईने वड्या केल्या, ते संपले. शाली राहिल्या. पांघराव्यात तर ऊब नाही, पुसायला घ्याव्यात तर मन होत नाही. दोन-तीन मी पुढे दुसऱ्यांच्या सत्कारांना दिल्या. त्यातली एक फिरून परत आली असावी असा मला संशय आहे. कडेचा चहाचा डाग ओळखीचा वाटतो.

मला सत्कार सोसत नाहीत. दुसऱ्यांचे तर मुळीच नाहीत. (स्वतःचा झाला तर बघू.) चांगल्या हिंडत्याफिरत्या माणसाला लाल मखमलीच्या खुर्चीत बसवतात, त्याच्या तोंडावर त्याच्याबद्दल भूतकाळात बोलतात, आणि तो बिचारा मांडीवरचा गुच्छ सावरत, कुठे बघावं ते न कळून पंख्याकडे बघत राहतो. आभारप्रदर्शनापर्यंत त्याला पाणी कुणी विचारत नाही.

आणि आता आमच्या बॅचने सरांचा सत्कार काढलाय. सर म्हणजे पीटीचे सर. बाकीच्या सरांना आडनावं होती, यांना नुसतं ‘सर’ पुरायचं. पंचाहत्तरी आहे. ग्रुपवर वर्गणीचा आकडा येऊन पडलाय आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागलीय.

सरांना त्या खुर्चीत बसवणार कसं, हीच मला पंचाईत वाटते. बसलेले सर मी पाहिलेले नाहीत. शिक्षकांच्या खोलीत त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर कायम फक्कीचं पोतं नाही तर व्हॉलीबॉलची जाळी. सर दारात उभ्यानेच चहा प्यायचे आणि कपातला शेवटचा घोट राहिलेला असताना शिट्टी वाजवायचे.

दहिवडीच्या बाजूचं आमचं गाव. माणदेश. पाऊस नावापुरता, माळ भरपूर. चारशे मीटरचा ट्रॅक म्हणजे काय हे आम्हांला जिल्ह्याला गेल्यावर कळलं. सरांनी त्यातून सरळ मार्ग काढला: जे आहे ते वापरायचं. आमच्याकडे माळ होता, म्हणून क्रॉसकंट्री, म्हणजे ट्रॅक सोडून माळावरून, ओढ्यातून लांब पळायची शर्यत.

शाळेच्या फाटकातून सुटायचं, बाजारपटांगण ओलांडायचं, ओढ्यात उतरायचं, पलीकडचा चढ चढून माळाला लागायचं आणि खंडोबाच्या देवळाला वळसा घालून परत यायचं. देवळापाशी बाभळीखाली आमचे शिपाईमामा स्टँपपॅड घेऊन बसलेले असायचे. इथवर पोचल्याबद्दल मनगटावर शाळेचा गोल शिक्का. हा शिक्का सुरू व्हायला कारण घडलं होतं. आदल्या वर्षी काही मुलगे ज्वारीत बसून राहिले आणि परतणाऱ्यांबरोबर ताजेतवाने होऊन पहिल्या दहांत आले. मामांना शिक्का मारायची घाई नसे. पॅडवर दोनदा टेकवायचे, मनगट फिरवून जागा बघायचे, मग ठप्प. तोवर आम्ही जागच्या जागी नाचतोय. जांभळी शाई घामाने ओघळत कोपरापर्यंत यायची आणि शाळेत पोचेपर्यंत त्यातलं ‘स्थापना’ एवढंच वाचता यायचं.

सर शिट्टी मारून आम्हांला सोडायचे आणि लूनावर टांग टाकून आडवाटेने ओढ्याच्या वळणावर जायचे. तिथून सगळे गेले की परत फाटकात. या शर्यतीत शिकवणाऱ्याला शर्यत दिसतच नाही. शंभर मीटरवाल्याला सुरुवात-शेवट एका नजरेत दिसतात, कबड्डीवाला तर रेषेबाहेर बसून अर्धा खेळ स्वतःच खेळतो. सरांना दिसायचं ते ओढ्याचं वळण. एकेका पोराचे पाच-सहा सेकंद. तेवढ्यात प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची, आणि ती ज्याची त्याला वेगळी. एकाला ‘हात खाली’. एकीला ‘तोंडानं नको, नाकानं’. मला दरवेळी ‘मागं बघू नको’.

मी बघायचे. अजून बघते. रिक्षातून उतरले की सीटवर काही राहिलं नाही ना म्हणून वळते, कुलूप लावून जिना उतरले की वळते. पण रिक्षात शर्यत नसते, त्यामुळे सोडून द्यावं.

मुलींना पळवायचं हे त्या काळी सोपं नव्हतं. सर घरोघरी जायचे. आमच्याकडे आले तेव्हा अण्णा ओसरीवर पेपर तपासत होते. दोघंही शिक्षक, त्यामुळे दोघंही एकमेकांना सर म्हणायचे.

“सर, पोरीनं पळून काय मिळणार?” अण्णा म्हणाले.

“भूक लागेल, सर,” सर म्हणाले.

आत आई ऐकत होती. मी जेवत नाही हा तिचा तेव्हाचा एकमेव विषय. दुसऱ्या दिवसापासून पहाटे मला तीच हलवून उठवायला लागली. सरांना बहुधा प्रत्येक घरातली अशी एक चावी माहीत होती. खो-खोवाल्या मुलींच्या घरी ते निराळंच काहीतरी सांगायचे.

पुढे मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकला 3000 मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांवरून उड्या मारत पळायच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, 2016 साली, तेव्हा आम्ही सगळ्या जणी आपापल्या गावी टीव्हीला चिकटून होतो. मोही आमच्याच माण तालुक्यातलं, आणि तीसुद्धा आधी खो-खोच खेळायची. रिओत ती दहावी आली. तिला शिकवणारे वेगळे, आमच्या सरांचा तिच्याशी काही संबंध नाही. पण फोन मी सरांना केला. म्हणाले, “चढाला पाऊल आखूड टाकायला तिला कुणी शिकवायला लागलं नसेल. आपल्याकडं चढच आहे.”

तर सरांना काय द्यायचं. मला पळणाऱ्यांविषयी वाचायची जुनी खोड आहे, त्यामुळे जगात इतरत्र अशा माणसांचं काय करतात तेही थोडंफार ठाऊक झालंय. अमेरिकेत शिकागोजवळ एल्महर्स्ट म्हणून गाव आहे. तिथल्या यॉर्क हायस्कुलात जो न्यूटन या माणसाने पन्नासहून अधिक वर्षं मुलांना क्रॉसकंट्री शिकवली आणि राज्याची 28 विजेतेपदं मिळवली. 2017 साली ते गेले. पण मला त्यांच्या ढालींपेक्षा दुसरीच गोष्ट आवडते. त्यांच्या संघात शंभरावर पोरं असायची, कारण कुणाला काढायचंच नाही असा त्यांचा नियम. आणि रोज, अगदी रोज, ते प्रत्येकाशी नावाने हस्तांदोलन करायचे. शंभरावर घामट हात, रोज. माझी तर त्या कल्पनेनेच साबण शोधायची तयारी होते.

तिकडच्या शर्यतीचा हिशेबही मजेदार आहे. एका शाळेचे सात जण पळतात, पहिल्या पाचांचे क्रमांक मिळवायचे, ज्यांची बेरीज कमी ते जिंकले. म्हणजे तुमचा हिरा पहिला आला तरी त्याचा एकच गुण. पाचवा जर साठावा आला तर सगळं बोंबललं. त्यामुळे शिकवणाऱ्याचा जीव असतो तो पाचव्यात. फोटो पहिल्याचा लागतो, आणि सर मागे, गर्दीत, त्या पाचव्याची वाट बघत उभे. आमच्या सरांना हे गणित माहीत होतं की नाही कुणास ठाऊक, पण फाटकात ते शेवटचं पोर येईपर्यंत घड्याळ थांबवत नसत. मैदान रिकामं झालेलं, माईकवाला वायर गुंडाळायला लागलेला, आणि सर वहीत लिहितायत. त्या वहीचा तसा उपयोग शून्य. कुठल्या वर्षी ओढ्याला पाणी असायचं, कुठल्या वर्षी कुणी बांधाला काटेरी तार लावलेली असायची, की वाट बदलली. मग गेल्या वर्षीची वेळ यंदाच्या वेळेशी लावायची कशी? क्रॉसकंट्रीत जागतिक विक्रम नसतात ते याच कारणाने. ऑलिंपिकमधूनही हा प्रकार 1924 नंतर गेला. पॅरिसच्या उन्हात त्या वर्षी 38 जण सुटले आणि 15 जण पोचले. पाव्हो नुर्मी पहिला. जो पंधरावा आला त्याला कुणी पाणी दिलं का, असले प्रश्न मला पडतात.

आपल्याकडे शिकवणाऱ्याची पाळी जरा उशिरानेच येते. अर्जुन पुरस्कार 1961 ला सुरू झाला, द्रोणाचार्य 1985 ला. शिष्याच्या नावाने बक्षीस निघाल्यावर गुरुजींची आठवण व्हायला चोवीस वर्षं गेली. पहिल्या द्रोणाचार्यांत पी. टी. उषाचे ओ. एम. नांबियार होते. तिला पद्मश्री त्याच 1985 मध्ये मिळाली, त्यांना 2021 मध्ये. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते वारले.

केनियात इटेन म्हणून गाव आहे, समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटर उंचीवर. तिथल्या सेंट पॅट्रिक्स हायस्कुलात 1976 मध्ये आयर्लंडहून ब्रदर कॉल्म ओ’कॉनेल भूगोल शिकवायला आले, थोड्या दिवसांसाठी. धावण्यातलं त्यांना काही येत नव्हतं. ते तिथेच राहिले. त्यांच्या हाताखालचा पीटर रोनो 1988 ला सोल ऑलिंपिकमध्ये 1500 मीटरचं सुवर्ण घेऊन आला. डेव्हिड रुडिशा लंडनला 2012 मध्ये 800 मीटर 1 मिनिट 40.91 सेकंदांत पळाला, तोही त्यांचाच. त्या शाळेच्या आवारात मोठं नाव काढलेल्या धावपटूंची झाडं आहेत, एकेकाच्या नावाचं एकेक झाड. हे मला फार पटलं. झाड शालीपेक्षा बरं, निदान सावली तरी पडते. मी ग्रुपवर तसं लिहिलं. त्यावर एकाने विचारलं, “पाणी कोण घालणार?” माणदेशात हा प्रश्न विचारल्यावर पुढे बोलण्यासारखं काही राहत नाही.

मग बाकीच्यांच्या सूचना सुरू झाल्या. चांदीची शिट्टी. स्मार्टवॉच. पुण्याच्या एकाने ट्रेडमिल सुचवली. पंचाहत्तर वर्षांच्या, गुडघे गेलेल्या माणसाला. एकीने मानपत्राचा मसुदा टाकला, त्यात सरांना ‘ज्ञानसूर्य’ म्हटलंय. सरांनी आम्हांला ज्ञान असं काही दिल्याचं आठवत नाही. गूळ-शेंगदाणे दिले, ते त्यांच्या खिशातून. आणि अर्धं लिंबू.

शेवटी सर्वानुमते असं ठरलं की सरांच्या नावाने शाळेत दरवर्षी क्रॉसकंट्री ठेवायची. त्यांच्या नावाची, त्यांच्याच वाटेने. सगळ्यांना एकदम छान वाटलं. फुलं, हार, लाल बदाम, सगळं येऊन गेलं. मला आणि एका वर्गमित्राला सरांना विचारायला पाठवलं.

सर अंगणात उभे होते. हातात काठी आलीय, पण ती टेकायला कमी आणि दाखवायला जास्त. आत या म्हणाले, आम्हांला बसवलं, स्वतः चौकटीला टेकून उभे राहिले. आम्ही बेत सांगितला.

“ठेवा की,” सर म्हणाले. “वळणाला कोण उभं राहणार?”

आम्ही एकमेकांकडे बघितलं.

“ओढ्यावर एक लागतो. देवळापाशी शिक्क्याला एक. आणि फाटकात एक, शेवटचं पोरगं येईस्तोवर. दोन तास जातात. तीन माणसं. दरवर्षी. आहेत?”

शाळेत विचारू म्हटलं तर शाळेत कुणी नाही. सर निवृत्त झाले तेव्हापासून त्यांची जागा भरलेली नाही. वेळापत्रकात पीटीचा तास आहे, पण त्यात गणिताचा पोर्शन पुरा करतात. शिपाईमामांची जागासुद्धा रिकामीच आहे. मुलं मात्र आहेत. आम्ही गेलो तेव्हा मधल्या सुट्टीत मैदानावर हीऽ धूळ होती.

घरी येऊन मी सरांचा प्रश्न जसाच्या तसा ग्रुपवर टाकला. तीन माणसं हवीत, दरवर्षी, दोन तास. पंचावन्न जणांनी वाचलाय. अंगठा एकाचाही नाही. एकाने वर्गणी दुप्पट करतो म्हणून कळवलं, ते चांगलंच आहे, पण पैसे वळणावर उभे राहत नाहीत.

मी ओढा घेतलाय. फाटकात तो वर्गमित्र उभा राहतो म्हणालाय, बायकोला विचारून नक्की सांगेल. देवळासाठी अजून कुणी मिळालेलं नाही. शिक्का शाळा देणार आहे, पॅड आपलं आपण आणायचं.