जुन्या मारुती ८०० मधून हरिहरेश्वर: ताम्हिणीचा उतार आणि न फिरणारी चावी

मार्ग नेहमीचाच. पुण्याचा चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव, म्हसळा, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर. गाडी २००४ ची मारुती ८००, इग्निशनचं लॉक आणि चावी दोन्ही मूळचीच. रस्त्याची वर्णनं भरपूर वाचायला मिळतात, त्यामुळे इथे मुक्काम त्या लॉकवरच. जुनी गाडी घेऊन कोकणात उतरणाऱ्याला धबधब्यांच्या यादीपेक्षा याचा उपयोग जास्त.

पहिली खूण ताम्हिणीत दिसली. चहासाठी थांबल्यावर चावी लॉकमधून निघाली, पण परत घातली तेव्हा जरा हलवल्याशिवाय फिरेना. अशी चावी ‘लाडीगोडी’ मागायला लागली की आतल्या पितळी पत्र्या आणि चावीचे दाते दोन्ही झिजलेत असं समजावं. अशा वेळी आणखी एक गोष्ट तपासायची, पण उभ्या गाडीत आणि इंजिन बंद ठेवून: चावी ‘ऑन’वर असताना ओढली तर बाहेर येते का? येत असेल तर लॉक बदलेपर्यंत घाट उतरू नये. आणि पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करायची खोड असेल तर ती जुन्या लॉकच्या गाडीत तरी सोडावी. चावी चुकून ‘लॉक’पर्यंत गेली आणि निघाली, तर वळणावर स्टिअरिंग जाम होतं.

खरी अडचण हरिहरेश्वरला. उतारावर गाडी लावताना पुढचं चाक वळवलेलं आणि दगडाला टेकलेलं. दर्शन करून आल्यावर स्टिअरिंग लोखंडासारखं घट्ट, चावी जागची हलेना. यात बिघडलेलं काहीच नसतं. चावी काढली की स्प्रिंगवरची एक खिट्टी स्टिअरिंगच्या शाफ्टवरच्या खाचेत बसते. चाक दगडाला रेटलं गेलं, किंवा वळवलेल्या टायरला पीळ राहिला, की शाफ्ट त्या खिट्टीवर कडेने दाबून बसतो. चावी फिरवणं म्हणजे ही खिट्टी मागे ओढणं, आणि दाबाखाली ती सरकत नाही.

उपाय हाताच्या अंदाजाचा. डाव्या हाताने स्टिअरिंग दोन्हीकडे हलवून बघायचं. एका बाजूला ते अजिबात सरकत नाही, दुसऱ्या बाजूला बोटभर सरकतं. सरकतं त्या बाजूला धरून ठेवायचं आणि तेव्हाच उजव्या हाताच्या दोन बोटांनी चावी फिरवायची. दोनच बोटं. मूठ वळली की चावी पिळते आणि पिळलेली चावी आतच तुटते. पीळ एवढ्यानेही सुटला नाही तर हँडब्रेक ओढून मागच्या चाकांना दगडाची उटी लावायची, पुढचं चाक जॅकवर जमिनीपासून जेमतेम सुटेल इतकं उचलायचं आणि पुन्हा तेच करायचं. गाडीला धक्का मारून दगडापासून सोडवायचा मोह उतारावर आवरावा.

श्रीवर्धनच्या मुक्कामानंतर सकाळी दुखणं वेगळं निघालं: स्टिअरिंग मोकळं, तरी चावी फिरेना. म्हणजे खिट्टीचा संबंध नाही, अडकल्यात त्या पत्र्या. खारी दमट हवा, किनाऱ्यावरची बारीक वाळू आणि कुणीतरी कधीकाळी घातलेलं तेल यांची मिळून लॉकमध्ये लई होते. खोबरेल तर मुळीच घालू नये. थंडीत ते आतच गोठतं. शिसपेन्सिलचं टोक ब्लेडने खरवडून त्याची भुकटी चावीच्या दात्यांवर चोळायची आणि चावी दहा-बारा वेळा आत-बाहेर करायची, फिरवायची नाही. मग चावी आत ठेवून तिच्या डोक्यावर स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोके द्यायचे, म्हणजे अडकलेल्या पत्र्या खाली बसतात. इथे चौथ्या-पाचव्या ठोक्याला लॉक फिरलं.

घरातली न वापरलेली चावी प्रवासात बरोबर असावी ती याचसाठी. दोन्ही चाव्या पाठीला पाठ लावून उजेडात धरल्या तर फरक डोळ्यांना दिसतो: रोजच्या चावीचे डोंगर गोल झालेले, कडा चकचकीत. नवी चावी पाडायची तर न वापरलेलीवरूनच. झिजलेल्या चावीची नक्कल झिजलेलीच येते. आणि जुडग्यात घराच्या, कपाटाच्या चाव्या आणि पितळी गणपती लटकवू नये. तो भार खड्ड्याखड्ड्याला लॉक घासतो.

चावी तुटलीच, तर उरलेला तुकडा स्क्रू-ड्रायव्हरने आत ढकलू नये. जिगसॉ करवतीचं अगदी बारीक पातं, दाते बाहेरच्या बाजूला ठेवून, तुकड्याच्या कडेने सरकवायचं आणि अडकवून ओढायचं. भोक चावी घालायच्या जागी उभं असेल तरच तुकडा निघतो.

या अवस्थेत बागमांडल्याहून वेश्वीला जंगलजेट्टीने, म्हणजे गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीने, जाऊ नये. तिथे इंजिन बंद करून गाडी रांगेत उभी असते आणि पलीकडे उतरताना चावी अडली तर मागची सगळी रांग खोळंबते. परत माणगावमार्गेच यावं.

परतल्यावर लॉक बदलून घेतलं. काम तासा-दोन तासांचं, फक्त क्रम चुकू नये. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल, १० चा पाना. मग स्टिअरिंगखालची कव्हरं. लॉक शाफ्टभोवती ज्या बोल्टांनी धरलेलं असतं, त्यांची डोकी बसवतानाच तोडलेली असतात, म्हणजे चोराला पाना लागू नये. त्यामुळे सेंटर पंच कडेला टेकवून ठोकत उलटं फिरवावं लागतं. नवं लॉक घेताना नवे बोल्ट बरोबर आहेत का, ते दुकानातच बघायचं. खिट्टी शाफ्टच्या खाचेसमोर आणून, स्टिअरिंग नीट लॉक होतंय ना पाहून मगच बोल्ट डोकी तुटेपर्यंत आवळायचे. शेवटी चावी ‘एसीसी’ (‘लॉक’ आणि ‘ऑन’च्या मधली जागा) आणि ‘ऑन’वर ठेवून स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, कुठेही घासता कामा नये. एअरबॅगवाल्या गाडीत हे घरी करू नये.

चावी नीट फिरते, दिवे लागतात, पण स्टार्टर गप्प, असं असेल तर लॉकला दोष नाही. दोष बॅटरीत, स्टार्टरकडे किंवा लॉकच्या मागच्या वायरिंगच्या स्विचमध्ये शोधावा. तो स्विच बहुतेक गाड्यांत सुटा बदलता येतो, पण गॅरेजवाला अख्खं लॉक गळ्यात मारतो, तेवढं आधीच विचारून घ्यावं. उलट इंजिन चालू झाल्यावर चावी ‘स्टार्ट’वरून परत आली नाही आणि स्टार्टर घरघरतच राहिला, तर चावी हातानेच मागे आणायची, तरीही थांबला नाही तर इंजिन बंद करून १० च्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह केबल काढायची. तो पाना डिकीत तळाशी नको, डॅशबोर्डच्या खणात.