दुखत नाही म्हणून मागे पडलेली गाठ

नागपूर, मे महिन्यातली दुपार

कानाच्या पाळीखालची, लाळग्रंथीतली गाठ इथल्या उन्हाळ्यात दुपट्ट्याआड सहज लपते. पण ती मागे पडते ती दुसऱ्याच कारणानं: 'मी कुठं खर्रा खातो?' तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं तोंडाचा कर्करोग होतो, हे नागपूरकराला पाठ आहे. लाळग्रंथीच्या कर्करोगाचं मात्र तंबाखूशी तसं घट्ट नातं नाही. कधी सुपारीही न चघळलेल्या माणसाला तो होतो.

मग 'गालगुंड असेल' म्हणून लेप लावणं सुरू होतं. गालगुंडात ताप येतो, दुखतं आणि आठ-दहा दिवसांत सूज ओसरते. तीन आठवडे टिकलेली गाठ दुखत नसली तरी दाखवायलाच हवी.

कानाखालच्या पॅरोटिड या लाळग्रंथीतल्या बहुतेक गाठी साध्या निघतात. जबड्याखालच्या ग्रंथीत जवळपास निम्म्या कर्करोगाच्या असतात, टाळूवरच्या बारीक ग्रंथींत त्याहूनही जास्त. म्हणून टाळूच्या एका बाजूला आलेला फुगवटा 'कवळी घासते' म्हणून सोडू नये.

'छोटीच आहे, कापून टाकू' या घाईची मला सगळ्यात भीती वाटते. चेहरा हलवणारी नस पॅरोटिडमधूनच जाते, आत तिला पाच मुख्य फांद्या फुटतात. वरून चीर देऊन गाठ कोरली तर पेशी सांडतात, नसही दुखावते. आधी सोनोग्राफी, मग बारीक सुईची तपासणी, गाठ खोल असेल तर एमआरआय. सुईचा रिपोर्ट साधा आला, पण तोंड वाकडं होत असेल, तर रिपोर्टवर थांबू नये.

ऑपरेशनमध्ये नस वाचवतात. कर्करोग तिच्यात शिरला असेल तरच काढतात. पापणी मिटत नसेल तर दिवसा डोळ्यांत थेंब, रात्री मलम आणि चिकटपट्टी. नाहीतर बुबुळाला जखम होते. कानाची पाळी बधिर राहू शकते, दाढी करताना जपावं.

गरज असल्यास पुढे शेक, म्हणजे किरणोपचार: साधारण 60 ते 66 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक), आठवड्यातून पाच दिवस, सहा-साडेसहा आठवडे. नागपुरातलं मेडिकल कॉलेज, तुकडोजी कर्करोग रुग्णालय की जामठ्याचं कर्करोग रुग्णालय, कुठंही घ्या; बाहेरगावच्यांनी राहण्याची सोय आधी बघावी. आणि किडलेले दात शेकाआधीच काढावेत, नंतर जबड्याची जखम लवकर भरत नाही.

अ‍ॅडिनॉइड सिस्टिक हा लाळग्रंथीच्या कर्करोगाचा प्रकार नसेच्या कडेनं सरकतो, दहा वर्षांनीही फुप्फुसात दिसतो. त्यामुळे पाच वर्षं उलटली तरी तपासणी थांबवू नये. फाइलसोबत काढलेल्या गाठीच्या स्लाइड (काचपट्ट्या) आणि ब्लॉकही (मेणात बसवलेले तुकडे) घरी जपून ठेवावेत, लोखंडी कपाटाच्या तापलेल्या भिंतीपासून दूर.