हरणीला दमवायचं कसं? माझा अनुभव

हरणी ही आमची कुत्री. ती आमच्याकडे आली तेव्हा डॉक्टरांनी दात बघून वय चार-पाच वर्षांचं असेल असं सांगितलं. कारवानी या शिकारी जातीच्या वळणाची: लांब तंगड्या, आत गेलेलं पोट, निमुळतं तोंड. आधीचं सगळं आयुष्य मोहोळकडच्या एका वस्तीवर मोकळ्या रानात गेलेलं, आणि आता एकदम जुळे सोलापुरातल्या तीन खोल्या. सुरुवातीला कोपऱ्यात पडून असायची. जरा रुळली, तशी पायपुसणी फाडायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कुत्र्याला काय करमणूक लागतंय ओ? दोन भाकऱ्या टाका, गप बसतंय."

व्यायामाआधी तपासणी करून घेतली. रेबीजची लस, जंतांचं औषध आणि गोचीड-तापासाठी रक्त. वयाने मोठं कुत्रं घरी आणताना ही रक्ताची तपासणी सोडू नये. ते मरगळल्यासारखं दिसतं त्यामागे कधीकधी हाच ताप असतो.

मग फिरणं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळिशी ओलांडतो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास फक्त पंजांना, बाकी सगळा भार धापा टाकण्यावर. म्हणून पहाटे साडेपाचला बाहेर, ऊन चढायच्या आत घरी. संध्याकाळी सूर्य बुडाला तरी डांबर तापलेलंच असतं. पालथा हात रस्त्यावर सात सेकंद ठेवून बघायचा. चटका बसला तर निघायचं नाही.

कारवानीला मैलोन्‌मैल रपेट लागते असा समज आहे. खरं तर ही जात नजरेवर शिकार करणारी. दोन-चार वेळा सुसाट पळाली की पुढचा दिवसभर लोळत राहते. पण मोकळी सोडायची नाही. मांजर दिसलं की हाका कानावर पडतच नाहीत. मानेपेक्षा डोकं अरुंद, त्यामुळे साधा पट्टा ती सहज काढून टाकते. छातीचा पट्टा आणि लांब दोरी घेतली. मागच्या मोकळ्या प्लॉटवर मी चेंडू फेकतो, ती पळते, चेंडू मात्र मलाच आणावा लागतो. छाती खोल असल्याने जेवल्यावर लगेच पळवू नका, पोटाला पीळ पडू शकतो, असं डॉक्टरांनी बजावलंय.

पण हरणी खरी दमली ती नाकाने. घरात विरलेली सोलापुरी चादर पडून होती. ती चुरगाळून, घड्या घालून खाली टाकली आणि आत भाकरीचे नखाएवढे तुकडे लपवले. आधी तिने माझ्याकडे बघितलं. मग एका घडीवर नाक टेकवलं. नाकपुड्या भराभर हलायला लागल्या, फुसफुस आवाज. पंजाने एक टोक दाबून धरलं, तोंडाने दुसरं वर केलं, आणि तुकडा सापडल्यावर शेपटी अशी आपटली की स्टुलावरचा तांब्या पडला. वीसेक मिनिटांत चादर उलटीपालटी झाली आणि बाई तिच्यावरच घोरायला लागल्या. पायपुसणी तेव्हापासून शाबूत आहेत.

त्यानंतर इडलीपात्र आलं. खळग्यात उकडलेल्या अंड्याचा कण, वर चेंडू. उन्हाळ्यात वाटीभर दही फ्रीझरमध्ये गोठवून देतो, चाटत बसते. फिरतानाही आता मी तिला ओढत नाही. एका खांबाचा पाच मिनिटं वास घ्यायचा असेल तर घेऊ देतो. रस्त्यावरचे लोक बघतात, बघू देत.

खाऊ कुठला द्यायचा याला मात्र आपल्या स्वयंपाकघरात मर्यादा आहेत. शेंगा चटणीत लसूण, भाजीत कांदा. दोन्ही कुत्र्याच्या रक्ताला घातक. बेदाण्यांनी तर मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि पंढरपूरच्या पाहुण्यांकडून आमच्याकडे बेदाणे किलोने येतात. डबा आता वरच्या फळीवर.

मोठं कुत्रं शिकत नाही म्हणतात, ते काही खरं नाही. दार उघडण्याआधी "थांब" म्हटलं की बसायचं, हे हरणी अंड्याच्या लालचीने आठवड्याभरात शिकली. रोज दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटं; त्यापुढे कंटाळते.

वजन महिन्यातून एकदा दवाखान्यातल्या काट्यावर करतो. या जातीच्या शेवटच्या दोन-तीन फासळ्या पुसट दिसणं ठीकच असतं. काकूंना ते काही पटत नाही. परवाही जिन्यात म्हणाल्या, "बाईला उपाशी ठेवलाय की ओ तुम्ही!" आणि पदराआडून शिळी भाकरी काढली. घेतली. चादरीत लपवायला रोज काहीतरी लागतंच.