अ‍ॅम्पची डबी, महिना चौथा: शीळ, जी-ची थरथर आणि गणपतीतली फजिती

नव्याचे नऊ दिवस संपले. पंधरा वॅटचा अ‍ॅम्प कपाटावर चढला, त्याच्या जागी सेकंडहँड स्ट्रायमन इरिडियम (अ‍ॅम्प आणि त्याच्या स्पीकरची नक्कल करणारं पेडल) पेडलबोर्डाच्या शेवटी बसलं, आणि पहिले दोन आठवडे रोज रात्री हेडफोन लावून मी ‘काय आवाज आहे राव’ एवढंच म्हणत होतो. मग दोष दिसायला लागले. बहुतेक माझेच.

पहिली ती शीळ. गिटारला हात न लावताही एक बारीक, उंच सूर यायचा, डास कानाशी आल्यासारखा. ओव्हरड्राइव्ह (आवाज चढवून थोडा फाटका करणारं पेडल) चालू केला की तोही चढायचा. केबल बदलल्या, ट्यूबलाइट बंद केली, एकदा तर फ्रिजही बंद केला (परत चालू करायला विसरलो असतो तर ही नोंद घराबाहेर बसून लिहावी लागली असती). कारण साधं निघालं. ओव्हरड्राइव्ह, डिले (प्रतिध्वनी देणारं पेडल) आणि इरिडियम मी एकाच अ‍ॅडॅप्टरवर डेझी चेनने, म्हणजे एकाच वायरच्या फांद्यांनी, जोडले होते. इरिडियमला 9 व्होल्टवर 500 मिलिअँपिअर लागतात, अ‍ॅडॅप्टर 1 अँपिअरचा, म्हणजे हिशोब जुळत होता. पण डिजिटल पेडलच्या आतला क्लॉकचा (चिपला ताल देणाऱ्या ठोक्यांचा) कचरा सामायिक ग्राउंडमधून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो आणि तो बिचारा त्यालाही इमानदारीने मोठा करतो. आयसोलेटेड सप्लाय (प्रत्येक आउटपुट वेगळा असलेला) आणला, इरिडियमला स्वतंत्र 500 चा आउटपुट दिला, शीळ गेली. किती पैसे गेले ते इथे लिहीत नाही, घरी वाचतात.

दुसरी गोष्ट जास्त मजेशीर. जाड तारेवर तिसऱ्या फ्रेटचा जी धरला की तो स्थिर राहायचाच नाही, सेकंदाला साधारण दोनदा थरथरायचा. ट्यूनर हिरवा दाखवतोय, फ्रेटही ठीक, आणि हाच सूर एकटा डुगडुगतोय. दोन संध्याकाळी मी इंटोनेशनच्या (प्रत्येक फ्रेटवर सूर अचूक लागण्याच्या) मागे लागलो होतो. मग आकडे लिहून काढले तेव्हा ट्यूब पेटली. तो जी 98 हर्ट्झचा. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे तिच्या गुणगुणीत 100 हर्ट्झचा सूर असतोच. 98 आणि 100 एकत्र वाजले की सेकंदाला दोन ठोके पडणारच! तानपुरा लावताना दोन तारा जवळ आल्या की जे ऐकतो, तेच. माझ्या स्ट्रॅट गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची (तारांची थरथर पकडणारी एकेरी गुंडाळी, जी विजेची गुणगुणही पकडते) गुणगुण आणि माझा सूर एकमेकांशी भांडत होते.

उपाय दोन झाले. एक, खोलीतल्या जुन्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं, ते वायरमनकडून करून घेतलं. तारांना बोट लावलं की गुणगुण कमी व्हायची, तेव्हाच शंका यायला हवी होती. दोन, पिकअप निवडायचा सिलेक्टर दुसऱ्या किंवा चौथ्या जागेवर. माझ्या गिटारमधला मधला पिकअप उलटा गुंडाळलेला आहे, त्यामुळे तिथे दोन पिकअपची गुणगुण एकमेकीला खाऊन टाकते. एकट्या नेक (गिटारच्या मानेजवळच्या) पिकअपवर वाजवायचं असेल तर मी चक्क खिडकीकडे तोंड करून बसतो. त्या कोनात सगळ्यात शांत. बायकोला वाटतं मला मूड येतो.

आता खऱ्या मुद्द्यावर. इरिडियमवर तीन अ‍ॅम्प आहेत: राउंड म्हणजे फेंडर डिलक्स रिव्हर्ब, चाइम म्हणजे व्हॉक्स एसी-30, पंच म्हणजे मार्शल प्लेक्सी. प्रत्येकाला तीन कॅबिनेट, म्हणजे स्पीकरच्या पेट्या. सुरुवातीला माझं सगळं लक्ष अ‍ॅम्पच्या स्विचवर. आता मत असं झालंय, की आवाज निम्म्याहून जास्त कॅबिनेट ठरवतं. कुणाला पटत नसेल तर कॅब बंद करून थोडा ड्राइव्ह देऊन ऐका. कढईत मोहरी तडतडावी तसा आवाज येतो. गिटारचा 12 इंची स्पीकर साधारण 5 किलोहर्ट्झच्या वरचं फारसं बाहेर सोडतच नाही, आणि आपल्याला ‘अ‍ॅम्पचा गोडवा’ म्हणून जे आवडतं त्यात या अडवणुकीचा मोठा वाटा आहे. पेडलमधलं कॅबिनेट म्हणजे आयआर (इम्पल्स रिस्पॉन्स): त्या स्पीकरचा, समोरच्या माइकचा आणि माइक कुठे ठेवलाय त्याचा ठसा. म्हणून मी राउंडवरच राहिलो आणि महिनाभर फक्त कॅब बदलत बसलो. कॅबच्या स्विचच्या ए वर डिलक्सचा एक 12 इंची, सी वर व्हायब्रोलक्सचे दोन 10 इंची. सी वर सूर लवकर सुटतो, तुकड्या-तुकड्याने वाजवायला छान. कॉर्ड भरून हवी असेल तर ए.

आणि मग गणपती. सोसायटीच्या कार्यक्रमात कीबोर्ड, ढोलकी, दोन गायक आणि मी. अ‍ॅम्प नाही, पॅसिव्ह डीआयमधून (पेडलचा आवाज मिक्सरला जोडणारी छोटी डबी) थेट मिक्सरला. घरी हेडफोनवर तासन्‌तास बसून लावलेला आवाज: नॉब घड्याळासारखे वाचले तर बास दोनच्या काट्यावर, ट्रेबल एकवर, मिडल दहावर. पहिली कॉर्ड मारली आणि मांडवात कुणीतरी पिंप बडवल्यासारखं झालं, वरून काच फुटल्यासारखी धार. साउंडवाले दादा माझ्याकडे बघून म्हणाले, “साहेब, हे घरात लावलंय ना?”

त्यांना न विचारता कळलं होतं. आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, मधले जास्त. फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये याचे आलेखच काढून ठेवलेत. घरी हळू आवाजात मी ती तूट नॉब फिरवून भरून काढली होती, आणि मांडवात मोठ्या स्पीकरवर तूट नव्हतीच, उरली फक्त भर. दोन गाण्यांच्या मधे वाकून बास नऊवर आणला, ट्रेबल अकरावर, मिडल एकवर. जवळून ऐकायला हा आवाज नाकातून बोलल्यासारखा आणि कोरडा वाटतो. कीबोर्ड आणि ढोलकीच्या मधे मात्र पहिल्यांदाच गिटार दिसली. टाळ्या गायिकेलाच मिळाल्या, पण ते जाऊ द्या.

घरी आल्यावर तो आवाज फेव्हरिटवर (पायाने दाबून परत आणता येणारी साठवलेली सेटिंग) टाकून ठेवला. यात एक गंमत आहे: फेव्हरिट चालू असताना नॉब एक सांगतात आणि कान दुसरंच ऐकतात. पहिल्या दिवशी मी बासचा नॉब हलवला, आवाज एकदम उडी मारून भलतीकडे गेला आणि दुरुस्त करता करता अर्धा तास गेला. आता नॉबवर घरचा आवाज, पायाखाली मांडवातला, आणि दोन्हींचे फोटो फोनमध्ये.

या महिन्यात अर्धवट राहिलेलं काम डिलेचं. सध्या तो इरिडियमच्या आधी आहे, म्हणजे खऱ्या अ‍ॅम्पच्या तोंडाशी जोडल्यासारखा. ड्राइव्ह दिला की प्रत्येक प्रतिध्वनीही चिरडत जातो, मऊ आणि मळकट. नंतर लावला तर स्वच्छ घरंगळतो. मला मळकट आवडतोय, पण रेकॉर्डिंगमध्ये शब्द गिळतो. वेगळी पॅच केबल हवी आहे, बोर्डावर जागा चार बोटं उरली आहे, आणि ओव्हरड्राइव्ह थोडा डावीकडे सरकवायला वेल्क्रो उपटावा लागेल. रविवारी बघू.